रानाकाठची रात्र आणि बंदुकीवरचा उजेड

दिवाळीनंतरच्या दिवसांत कळंबहून जोडमोह्याच्या किंवा डोंगरखर्ड्याच्या रस्त्याला रात्री लागलो, की दोन्ही बाजूंच्या शेतांत उजेडाचे ठिपके हलताना दिसतात. कुणी तुरीच्या धुऱ्यावर जागलीला बसलेला असतो. कुणी हरभऱ्याला पाणी देत असतो, कारण काही आठवडे थ्री फेज वीज रात्रीचीच असते. धुऱ्यापलीकडे रानडुकरांचा कळप असतो, रोही म्हणजे नीलगाई असतात, आणि राळेगाव-पांढरकवड्याकडून सरकत आलेला एखादा वाघही असू शकतो. जागलीवरच्या प्रत्येकाच्या हाती बॅटरी असते. त्यांतल्या थोड्यांकडे परवान्याची बंदूकही असते. या दोन वस्तू एकमेकींना जोडल्या की काय साधते आणि काय बिघडते, हा या पुस्तकाचा विषय आहे. लांब नळीच्या बंदुकीवर बसवायची बॅटरी आणि लेझर कसे निवडावेत, ते टिकाऊ आहेत का हे कसे पारखावे आणि त्यांच्यावर विसंबावे ते कुठपर्यंत, याचा विचार त्यात आहे.

मराठीत या विषयावर लिहिलेले जवळजवळ काहीच नाही. माहिती मिळते ती दुकानदाराकडून, मोबाईलवरच्या चित्रफितींतून किंवा पोलिसांत, सैन्यात असलेल्या नातेवाइकाकडून. दुकानदाराला माल विकायचा असतो, चित्रफीत अमेरिकेतल्या शिकाऱ्याची असते, आणि नातेवाइकाचा अनुभव त्याच्या रायफलीपुरता असतो. कळंब तालुक्यातल्या शेतकऱ्याची एकनळी बारा बोअर, तिथली धूळ, तिथला उन्हाळा, तिथला कायदा आणि दोनशे मीटरवर झोपलेला कोलामांचा पोड (पाडा) या सगळ्यांचा मेळ कुणीच घालून देत नाही. चुकीची बॅटरी घेतली तर फार तर दोन हजार रुपये वाया जातील, असे वाटणे साहजिक आहे. पण अंधारात बंदूक उचललेल्या माणसाच्या बाबतीत नुकसान पैशांवर थांबत नाही. रानडुक्कर समजून माणसावर गोळी सुटल्याच्या बातम्या आपण वाचलेल्या आहेत. तशी एक जरी गोळी या पुस्तकामुळे थांबली, तर लिहिणाऱ्यांच्या कष्टांचे चीज झाले असे मी समजेन.

प्रस्तावना लिहिताना माझे मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे वाचताना वाचकाला ते लक्षात ठेवता येईल. बंदुकीजवळच्या उजेडाचे पहिले काम समोर काय आहे हे ओळखणे हे आहे. नेम धरणे त्यानंतर येते. बाजारात विकले जाणारे बहुतेक सामान हा क्रम उलटा धरून बनवलेले आणि विकलेले असते. पुस्तकातली चांगली पाने हा क्रम सरळ करण्यासाठी खर्च झाली आहेत.

या उजेडाचा इतिहास टेंभा, कंदील आणि गॅसबत्तीपासून सुरू होतो, पण बंदुकीशी त्याची गाठ पडली ती कोरड्या सेलमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोरडा सेल आला, १८९९ मध्ये अमेरिकेत हातातल्या नळीच्या बॅटरीचे पेटंट निघाले, आणि पुढच्या काही वर्षांतच ही वस्तू हिंदुस्थानात पोचली. एव्हररेडी हे नाव आपल्या खेड्यांत इतके रुजले, की पितळी नळीची बॅटरी हुंड्यात, आहेरात दिली जाई. शिकाऱ्यांनी ती हेरली नसती तरच नवल. जुनी रीत दोघांची होती. मचाणावर एक जण बॅटरी धरी आणि दुसरा बंदूक चालवी. बॅटरी धरणारा घाबरला किंवा त्याचा हात हलला, की सगळेच फसे. म्हणून बॅटरी थेट नळीला बांधण्याचे प्रयोग सुरू झाले.

या प्रयोगांची सर्वांत प्रसिद्ध रात्र विदर्भातली नाही, गढवालमधली आहे. रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबट्याच्या नावावर १९१८ ते १९२६ या काळात १२५ बळी अधिकृतपणे नोंदले गेले. २ मे १९२६ च्या रात्री जिम कॉर्बेट यात्रेकरूंच्या वाटेवर गुलाबराय इथल्या आंब्याच्या झाडावर बसले होते आणि त्यांच्या रायफलीला बॅटरी बांधलेली होती. बांधलेल्या बोकडाच्या गळ्यातली घंटा वाजली, कॉर्बेटनी बटण दाबले, उजेडाच्या झोतात बिबट्याचा खांदा आणि बंदुकीची माशी एका रेषेत आली, त्यांनी घोडा ओढला, आणि त्याच क्षणी बॅटरी विझली. बिबट्याला गोळी लागली की नाही, हे त्यांना बराच वेळ कळले नाही. ही हकिगत शौर्याची म्हणून सांगितली जाते. या पुस्तकाच्या दृष्टीने तिचे मोल वेगळे आहे. आठ वर्षे मुलूख वेठीला धरणाऱ्या जनावरापुढे जगातल्या एका सर्वोत्तम शिकाऱ्याला बॅटरीने जेमतेम एक क्षण साथ दिली. तो क्षण पुरला. त्याआधी एक क्षण विझली असती, तर पुढचा इतिहास वेगळा झाला असता. बंदुकीवरचा उजेड भरवशाचा असणे म्हणजे काय, हे त्या रात्रीइतके स्वच्छ दुसऱ्या कुठल्या उदाहरणातून समजत नाही.

पुढची पन्नासेक वर्षे फारसे काही बदलले नाही. तारेचा दिवा बंदुकीच्या धक्क्याने तुटायचा, सेल ओलसर हवेत फुटायचे. बदल झाला तो पोलिसांच्या आणि सैन्याच्या गरजेतून. ५ मे १९८० रोजी लंडनमधल्या इराणी वकिलातीत ब्रिटिश कमांडो घुसले, तेव्हा त्यांच्या बंदुकांवर बॅटऱ्या बसवलेल्या होत्या आणि जगाने ती छायाचित्रे पाहिली. १९९५ मध्ये अमेरिकी सैन्याने बंदुकीवरच्या खाचांच्या पट्टीचे माप ठरवून दिले. पिकॅटिनी रेल म्हणतात ती हीच. तेव्हापासून एका कंपनीचे उपकरण दुसऱ्या कंपनीच्या बंदुकीवर बसू लागले. मग आला एलईडी. निळ्या एलईडीचा प्रश्न १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये सुटला, त्यातून पांढरा उजेड शक्य झाला, आणि त्या कामाला २०१४ चे भौतिकीचे नोबेल मिळाले. तुटणारी तारच नाहीशी झाली. आज कळंबच्या बाजारात काही शे रुपयांना मिळणारी बॅटरी कॉर्बेटच्या बॅटरीपेक्षा कितीतरी प्रखर असते. भरवशाची असतेच असे मात्र नाही.

उजेडाबरोबर कायदाही बदलत गेला. शस्त्र कायदा १९५९चा. त्यातले एक कलम शेतकऱ्याला थेट लागू पडते: पीक राखण्याच्या खऱ्या गरजेसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना, आणि तेवढ्याने भागत नसेल तर दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात मुळात शिकारीचे परवाने होते, पण कृत्रिम उजेडात आणि सूर्यास्तानंतर शिकार करण्यावर कडक बंधने होती. १९९१ च्या दुरुस्तीने शिकारच संपली आणि ती बंधनेही अनावश्यक झाली. आज रानडुक्कर किंवा रोही मारायचा तर वन खात्याची लेखी परवानगी लागते. बंदुकीचा परवाना म्हणजे ती परवानगी नव्हे, आणि बंदुकीवर बॅटरी आहे म्हणून रात्रीचा हक्कही मिळत नाही. या पुस्तकात ही गोष्ट पुन्हा पुन्हा येते. वाचकाला ती पाल्हाळ वाटू शकेल, पण ती आवश्यक आहे. परवान्याच्या बंदुकीवर काहीही बसवण्याआधी परवाना देणाऱ्या कार्यालयाला लेखी विचारून घ्यावे, हा सल्लाही त्याच सावधगिरीतला.

आता या क्षेत्रातले पंथ. ढोबळमानाने तीन आहेत.

पहिला म्हणतो, उजेड बंदुकीवरच हवा. दोन्ही हात बंदुकीला लागतात, झोत आणि नळी एका दिशेला राहतात, जोडीदारावर अवलंबावे लागत नाही. पोलिसांची विशेष पथके याच रीतीने तयार होतात, आणि बंद खोलीत, सशस्त्र माणसासमोर हे बरोबरच आहे. दुसरा पंथ म्हणतो, उजेड हातातच राहू द्या. कारण साधे आहे: बंदुकीवरच्या बॅटरीने पाहायचे म्हणजे जे पाहायचे त्याच्यावर नळी रोखायची. झुडपात खुडबुड झाली, बॅटरी मारली, आणि तिथे पाणी द्यायला गेलेला शेजारी निघाला, तर भरलेली बंदूक त्याच्या छातीवर रोखली गेली असते. तिसरा पंथ दिसणारा उजेडच नको म्हणतो. इन्फ्रारेड आणि उष्णता टिपणारे थर्मल कॅमेरे ही त्याची साधने.

पुस्तकाचा कल मला दुसऱ्या पंथाकडे दिसतो आणि तो मला पटतो. शेतात, रानात, जिथे समोर कोण असेल सांगता येत नाही तिथे आधी हातातली किंवा कपाळावरची बॅटरी, आणि ओळख पटल्यावरच, तीही गरज असेल तरच, बंदुकीवरची. थर्मल कॅमेऱ्याचे लोकांना सध्या फार आकर्षण आहे. त्यात ऊब दिसते, पण ऊब कुणाची हे दूरवरून सांगणे अवघड असते. वासरू, डुक्कर आणि उकिडवा बसलेला माणूस हे तिघेही एका अंतरानंतर ठिपकेच होतात.

इथे एक गोष्ट सविस्तर सांगायला हवी, कारण जागलीला बसणाऱ्या बऱ्याच जणांचा इथेच गैरसमज असतो. रात्री बॅटरी मारली की जनावराचे डोळे चमकतात. बिबट्याचे चमकतात, वाघाचे, रोह्याचे, हरणाचे, कुत्र्याचे चमकतात. डोळ्याच्या पडद्यामागे एक चकाकणारा थर असतो, तो आत गेलेला उजेड परत फेकतो. माणसाच्या डोळ्यात हा थर नाही. पण डुकराच्या डोळ्यातही नाही! म्हणजे ज्या जनावरासाठी विदर्भातला शेतकरी रात्र जागवतो, त्याचेच डोळे माणसाच्या डोळ्यांसारखे अंधारात विझलेले असतात. काळसर, खाली वाकलेला, पिकात अर्धा बुडालेला, डोळे न चमकणारा आकार डुकराचा असू शकतो तसाच घोंगडी पांघरून पाण्याची मोरी फिरवणाऱ्या माणसाचाही असू शकतो. डोळे चमकले नाहीत म्हणजे डुक्करच, असे समजून घोडा ओढणारा माणूस नेमक्या त्या एका गोष्टीवर भरवसा ठेवतो, जिच्यात डुक्कर आणि माणूस सारखे आहेत. पाय, पाठीची रेषा, हालचाल, आवाज हे सगळे दिसेपर्यंत आणि हाक मारून उत्तर आले नाही याची खात्री होईपर्यंत बंदूक खालीच राहायला हवी. एवढे दिसण्यासाठी कोणता उजेड लागतो, हा मग खरा तांत्रिक प्रश्न.

त्याचे उत्तर खोक्यावरच्या ल्यूमेनमध्ये नाही. ल्यूमेन म्हणजे बॅटरीतून सर्व दिशांना मिळून बाहेर पडणारा एकूण उजेड. तो झोतात किती एकवटला हे कँडेला सांगतो. १,००० ल्यूमेनची पण पसरट, ४,००० कँडेलाची बॅटरी आणि ५०० ल्यूमेनची पण एकवटलेली, ४०,००० कँडेलाची बॅटरी शेजारी ठेवा. ५० मीटरवर पहिलीचा उजेड सुमारे दीड लक्स पडतो, दुसरीचा सोळा. अंगणात पहिली झगझगीत वाटते, धुऱ्यापलीकडे दुसरी कामाला येते. २००९ पासून बॅटऱ्या मोजण्याचे एक अमेरिकी प्रमाण आहे, त्यात झोताचे अंतर म्हणजे जिथे उजेड पाव लक्सवर येतो ते अंतर. पाव लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेचे चांदणे. हिशेब सोपा आहे: कँडेलाचे वर्गमूळ काढा आणि दुप्पट करा. ४०,००० कँडेलाचे अंतर ४०० मीटर निघते. खोक्यावर ४०० मीटर लिहिलेले पाहून कुणी हरखून जाऊ नये. चांदण्यात ४०० मीटरवर डुक्कर की माणूस हे कुणाला कळते? ओळख पटण्याचे अंतर त्याच्या पाचव्या हिश्शाएवढेही नसते. अगदी एकवटलेल्या झोताचा उलट तोटा असा, की कडेला काय आहे ते दिसत नाही आणि डाव्या हाताला उभे असलेले कळपातले दुसरे डुक्कर अंधारातच राहते. मधला गाभा तीव्र आणि भोवती मंद प्रभावळ असलेला झोत शेतासाठी बरा. निळसर पांढऱ्यापेक्षा किंचित पिवळा उजेड रंग ओळखायला बरा. ठासणीची बंदूक वापरणाऱ्याने आणखी एक ध्यानात ठेवावे: काळ्या दारूचा बार निघाला की समोर धुराची भिंत उभी राहते आणि नळीवरचा उजेड त्या भिंतीवर आपटून आपलेच डोळे दिपवतो. अंधाराला सरावलेले डोळे एकदा दिपले की पूर्ववत व्हायला अर्धा तास लागू शकतो.

लेझरबद्दल माझी मते पुस्तकातल्या काही लेखकांपेक्षा कडक आहेत. लाल ठिपका दिसला की नेम लागला, ही समजूत चित्रपटांनी पसरवली. लेझर नळीच्या खाली किंवा बाजूला बसतो, नळीत बसत नाही. समजा तो नळीच्या चार सेंटिमीटर खाली आहे आणि २५ मीटरवर ठिपका व मारा एकत्र येतील असा जुळवला. मग ५० मीटरवर ठिपका माऱ्याच्या रेषेच्या चार सेंटिमीटर वर जाईल, आणि तोवर गोळीही खाली आलेली असेल. समांतर बसवला तर फरक कायम तेवढाच राहतो, म्हणून काही जाणकार समांतरच पसंत करतात. छर्ऱ्यांच्या बाराचा पसारा बघता बारा बोअरला या बारकाव्याचा उपयोग फारसा नाही. आणि मोठी अडचण वेगळीच आहे. कपाशीच्या शेतात लेझरचा ठिपका पहिल्या पानावर थांबतो, गोळी थांबत नाही. ठिपका कुठे पडला हे कळते, पलीकडे काय आहे ते कळत नाही. मागे गोळी अडवणारा बांध किंवा टेकाड आहे का, हे ठिपका सांगत नाही आणि पलीकडे पोड आहे की नाही, हेही सांगत नाही.

तरी ज्यांना कामासाठी लेझर लागतो त्यांनी हिरव्या-लालमधला फरक समजून घ्यावा. माणसाचा डोळा हिरव्याला जास्त संवेदनशील आहे. तेवढ्याच शक्तीचा ५३२ नॅनोमीटरचा हिरवा ठिपका ६५० नॅनोमीटरच्या लाल ठिपक्यापेक्षा साधारण आठपट उजळ दिसतो. पण जुन्या पद्धतीचे हिरवे लेझर अदृश्य इन्फ्रारेडचे रूपांतर करून हिरवा देतात आणि पुसा-माघाच्या थंडीत मंदावतात. थेट हिरवा देणारे नवे डायोड, ५२० नॅनोमीटरच्या आसपासचे, त्या मानाने भरवशाचे. ५ मिलीवॅटपलीकडचा लेझर डोळ्यात गेला तर पडद्याला कायमची इजा होऊ शकते, आणि स्वस्त लेझरवरची ५ मिलीवॅटची चिठ्ठी खरी असतेच असे नाही. पोरांच्या हाती तो कधीच जाऊ नये.

भरवशाचा प्रश्न शेवटी धक्का, उष्णता आणि पाणी या तिघांपाशी येतो. बारा बोअरचा बार निघाला की बंदूक मागे उसळते, पण बॅटरीतला जड सेल जागच्या जागी राहू पाहतो. एकाच बाजूला स्प्रिंग असेल तर त्या क्षणी संपर्क तुटतो आणि दिवा लुकलुकतो किंवा त्याची पातळी बदलते. दोन्ही टोकांना घट्ट स्प्रिंग असलेली बॅटरी म्हणूनच घ्यावी. तिच्यावर एक दाबले की एक पूर्ण उजेड एवढेच बटण असावे. तीन पातळ्या, लुकलुक आणि एसओएस यांच्या फेऱ्यात अडकलेले बटण जागलीवर कुचकामी असते. १८६५० हा सेल १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असतो. त्याची खरी क्षमता फार तर साडेतीन हजार मिलिअँपिअर-तासांच्या आसपास असते. ९,९०० लिहिलेला सेल बाजारात सर्रास मिळतो आणि ते आकडे खोटे असतात. लिथियमचा सेल टिनाच्या गोठ्यात वैशाखात ठेवला तर महिन्यांत म्हातारा होतो. साधे अल्कलाइन सेल पावसाळाभर बॅटरीत विसरले तर गळून स्प्रिंग खातात. आणि आपल्याकडच्या दुनळीच्या नळ्या आणि मधली पट्टी मऊ झाळाने जोडलेल्या असतात, तिथे जड पकड आवळणे किंवा नळीला भोक पाडणे म्हणजे बंदूकच बाद करणे. पकड हवी तर रबराच्या अस्तराची, आणि बसवणारा परवानाधारक कारागीर.

उपकरण कितीही चांगले असले तरी रात्रीपुढे त्याला मर्यादा असते, हे आमच्या शेजारीच दिसले. राळेगाव तालुक्यातले बोराटी कळंबपासून फार लांब नाही. टी-१ वाघिणीला, जिला बरेच जण अवनी म्हणतात, त्या पट्ट्यातल्या १३ माणसांच्या मृत्यूंसाठी जबाबदार धरले गेले होते. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, तिला बेशुद्ध करता आले नाही तर गोळी घालण्याच्या वन खात्याच्या आदेशात हस्तक्षेप करायला नकार दिला. हत्ती, सापळा कॅमेरे, थर्मल ड्रोन, सगळे लावून झाले. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीजवळ वाहनातून झाडलेल्या गोळीने ती मेली. तिने चाल केली म्हणून स्वसंरक्षणार्थ गोळी झाडली, असे पथकाचे म्हणणे होते. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या समितीने त्यावर प्रश्न उभे केले आणि नियम मोडल्याचे म्हटले. जी बाजू वाचकाला पटेल ती पटो. जी माणसे गेली त्यांची घरे आजही तिथेच आहेत, आणि त्यांच्या दुःखापुढे वाघिणीसाठी हळहळणाऱ्यांनी आवाज खाली ठेवायला हवा. पण या पुस्तकाच्या विषयाला त्या रात्रीचा जो धडा लागू पडतो, तो तांत्रिक आहे. प्राधिकरणाच्या कार्यपद्धतीत सूर्यास्तानंतर बेशुद्धीचा डार्ट मारायला मनाई आहे, आणि त्यामागे बऱ्याच वर्षांचा अनुभव आहे. औषध चढायला काही मिनिटे लागतात. त्या मिनिटांत जनावर पळते, विहिरीत पडते, नाल्यात बुडते किंवा माणसावर येते, आणि झोताच्या कडेपलीकडे गेले की कितीही ल्यूमेनच्या बॅटरीने ते सापडत नाही.

डार्टची बंदूक ही लांब नळीची खरी, पण तिचे गणित वेगळे. वायूच्या दाबावर उडणारा डार्ट बहुधा वीस ते चाळीस मीटरच्या आत मारला जातो, आणि दाब अंतर पाहून ठरवावा लागतो; जास्त दाब म्हणजे जनावराच्या मांसात खोल जखम, कमी म्हणजे डार्ट पायाशी. इथे लेझरचा खरा उपयोग अंतर मोजण्याचा आहे. ठिपका दाखवणारा लेझर फसवतो, कारण डार्ट कमानीत जातो. वन खात्याच्या बचाव पथकांतल्या पशुवैद्यकांनी या पुस्तकासाठी दिलेली माहिती मला सर्वांत मोलाची वाटली. त्यांना पाहिजे असतो अंतर मोजणारा लेझर, हातातला रुंद आणि स्थिर उजेड, आणि उजेड धरणारा एक शांत माणूस. नळीवरची बॅटरी त्यांच्या यादीत फार खाली येते.

हे पुस्तक आत्ताच का, याची कारणे यवतमाळच्या शेतात दिसतात. टिपेश्वर अभयारण्य १४८ चौरस किलोमीटरचे, आणि तिथे वाढलेले वाघ बाहेर पडतात. २०१९ मध्ये तिथला एक तरुण वाघ चालत बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत पोचला, वाटेत किती शेते, किती गावे लागली असतील! रानडुकरे सोयाबीन उपटतात, रोही तुरीचे शेंडे खातात. थकलेला शेतकरी कुंपणात वीज सोडतो, आणि त्या तारेने डुकरांबरोबर वाघ आणि माणसेही मरतात. दुसरीकडे, पूर्वी जी उपकरणे मुख्यतः सैन्यात दिसत ती आता घरपोच येतात. दिवसा वीज मिळाली तर रात्रीचे पाणी देणे थांबेल, सौर कृषी पंपांनी काही गावांत ते थांबलेही आहे, आणि माझ्या मते रात्रीच्या अपघातांवरचा तो बॅटरीपेक्षा मोठा इलाज आहे. सापाच्या बाबतीत तर आहेच. घोणस आणि मण्यार यांच्यापासून राखणारी बॅटरी पायाशी धरायची असते, नळीवर बांधलेली तिथे निरुपयोगी. पण दिवसाची वीज सगळीकडे पोचेपर्यंत जागल चालूच राहणार.

पुस्तकाने स्वतःला मर्यादा घालून घेतल्या आहेत त्या चांगल्या आहेत. कुठल्या कंपनीची बॅटरी सर्वोत्तम, हे त्यात नाही. माल दर सहा महिन्यांनी बदलतो, पारखण्याची रीत बदलत नाही. शेतकरी, वनरक्षक, पशुवैद्यक आणि बंदुका दुरुस्त करणारे कारागीर यांच्या बोलण्यातून ही रीत उभी केली आहे. भाषा त्यांचीच राखली आहे, त्यामुळे काही ठिकाणी वऱ्हाडी वळण येते, ते मला गोड वाटले. पोलीस दलाच्या साधनांचा भाग मुद्दाम थोडका ठेवला आहे, कारण त्यांचे प्रशिक्षण पुस्तकातून होत नाही. कायद्याच्या पानांवर मात्र हात आखडलेला नाही.

एकच सूचना करतो. पारख कशी करावी हे सांगणारा भाग आधी वाचावा आणि तो शेतातच करून पाहावा, पण बंदूक घरी कुलपात ठेवून. दोन माणसे बरोबर घ्यावीत. एकाने घोंगडी पांघरून पंचवीस, पन्नास आणि ऐंशी मीटरवर कपाशीत वाकून उभे राहावे, दुसऱ्याने त्याच अंतरांवर काळ्या कापडाने झाकलेले पोते ठेवावे, आणि बॅटरी मारणाऱ्याला आधी काही सांगू नये. ज्या अंतरावर माणूस आणि पोते यांतला फरक पहिल्या नजरेला सांगता येत नाही, ते अंतर वहीत लिहून ठेवावे, नवी बॅटरी घेताना दुकानदाराला तेच सांगावे, आणि जागलीवर बसल्यावर त्यापलीकडे काहीही हलले तरी बंदुकीला हात लावू नये.